काकमांसाचा नियम



कावळ्याच्या घरट्यावरून पाऊसपाणी सांगायची रीत फार जुनी. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत कावळ्यांवर अख्खा अध्याय लिहिला. वैशाखात चांगल्या, धडधाकट झाडावर घरटे दिसले तर सुकाळ, असे त्यात आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही कोणीतरी परसात मान वर करून हेच बघत होते. आमच्या सासूबाई वैशाखात कडुनिंबाकडे बघतात, त्यांनी तो ग्रंथ वाचलेला नाही.

आपल्या पुराणात मात्र कावळा वेगळ्याच कारणाने येतो. आचार्य जिनसेनांचे अपुरे राहिलेले महापुराण त्यांचे शिष्य गुणभद्र यांनी राष्ट्रकूटांच्या काळात पूर्ण केले. त्यांच्या उत्तरपुराणात श्रेणिक महाराजांचा पूर्वभव आहे. विंध्याच्या जंगलात खदिरसार नावाचा एक भिल्ल होता. समाधिगुप्त मुनींनी त्याला मद्य, मांस, मध सोडायला सांगितले. तो म्हणाला, हे मला जमणार नाही. तेव्हा मुनींनी विचारले, कावळ्याचे मांस कधी खाल्ले आहेस का? नाही, म्हणाला. मग तेवढेच सोड.

मला ही कथा इथेच फार आवडते. चातुर्मासात आपणही कितीतरी जणी अशीच भाजी सोडतो, जी एरवीही घरात कोणी खात नाही! फुकटचा नियम म्हणा. पण पुढे खदिरसार आजारी पडला आणि वैद्यांनी औषध सांगितले ते नेमके काकमांस. त्याने नकार दिला. मेहुणा शूरवीर समजूत घालायला आला, तरी ऐकले नाही. शेवटी सगळेच मांस सोडून, व्रते घेऊन तो गेला आणि सौधर्म स्वर्गात देव झाला. त्यानंतर श्रेणिक. येणाऱ्या चोवीशीतले पहिले तीर्थंकर होणारा जीव, आणि सुरुवात कुठून, तर एका कावळ्यापासून.

वैद्यांना कावळा औषध म्हणून हवा होता. भाद्रपदात शेजारीपाजारी त्याला पितरांसाठी बोलावतात. आपल्यात पिंडदान नाही, त्यामुळे आपल्या कुंपणावर तो येतो तो फक्त भूक लागली म्हणून. आणि 1890 च्या दशकात झांजिबार बेटावर हाच आपला राखी मानेचा गावकावळा नेऊन सोडला, कशासाठी, तर घाण साफ करायला. तिथून तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला. 2024 मध्ये केनियात 10 लाख कावळे मारण्याची मोहीम जाहीर झाली. तो तिथल्या लहान पक्ष्यांची अंडी-पिल्ले खातो, हे खोटे नाही. त्या पक्ष्यांचाही जीवच आहे. याचे सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पण त्याला त्या बेटावर नेले कोणी, हे कोणी विचारत नाही याचा राग येतो.

आमच्याकडे तो गुणाचा नाहीच. गाळलेल्या पाण्याचे परळ चिमण्यांसाठी ठेवावे, तर हा शिळ्या भाकरीचा कडक तुकडा आणून त्यात भिजवतो, मऊ झाला की घेऊन जातो. पाणी दोनदा बदलावे लागते. तरी भाकरी भिजवायची ही अक्कल बघत मी ओट्याशी उभी राहते. घरट्यात काड्यांबरोबर तारांचे तुकडे विणलेले आहेत. यंदाच्या पिल्लांत एक ठिपक्याठिपक्यांचे, कोकिळेचे आहे. कावळी त्यालाही भरवते.

परवा वायरमन फांद्या छाटायला आला होता. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि पिल्ले उडेपर्यंत कडुनिंबाला हात लावायचा नाही म्हणून सांगितले. आषाढात येतो म्हणाला.