शिट्टी कुणाकडं?

कोल्हापुरात फुटबॉलच्या सामन्याच्या आदल्या दिवशी कोण खेळणार हे कुणी विचारत नाही. ते पाठच असतं. ही तालीम विरुद्ध ती तालीम, म्हणजेच ही पेठ विरुद्ध ती पेठ. खेळाडूंची नावं, त्यांचे दुखरे गुडघे, घरची भांडणं हे सगळं चहाच्या टपरीवर फुकट मिळतं. विचारायचा प्रश्न एकच उरतो, ‘उद्या शिट्टी कुणाकडं?’

काल तो मामांनी विचारला. मामा म्हणजे माझे सख्खे नव्हेत, अख्ख्या गल्लीचे. रेफरीचं नाव कानावर पडताच त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

“संपलं! एक गोल अंगावर घेऊनच उतरायचं म्हणायचं उद्या.”

कारण काय, तर रेफरीची सासुरवाडी त्या पेठेत. चौकशीअंती कळलं की सासुरवाडी नव्हे, त्यांचा साडू तिथला. आणखी चौकशीअंती, साडूही तिथला नव्हे, पूर्वी कधी तरी दोन वर्षं तिथं भाड्यानं राहिला होता. एवढा पुरावा कोर्टात उभा राहिला नसता, पण आमच्या टपरीवर फाशीला पुरेसा होता.

माझंही या गृहस्थांशी जुनं येणं आहे. काही वर्षांपूर्वी फायनलला, संपायला चार मिनिटं असताना, यांनीच आमच्याविरुद्ध हँडबॉलची पेनल्टी दिली आणि कप पलीकडच्या पेठेत गेला. त्या दिवशी शाहू स्टेडियमच्या पायरीवर उभं राहून मी जे बोललो ते इथं छापता येणार नाही. तेव्हा म्हटलं, आता उद्याही रागवायचंच आहे, तर जरा माहिती काढून रागवावं. म्हणून रात्री रेफरी या प्राण्याचा इतिहास उघडून बसलो.

तर मुळात रेफरी नव्हताच! इंग्लंडातल्या बड्या शाळांतली पोरं हा खेळ खेळत, आणि सभ्य माणूस मुद्दाम फाउल करणारच नाही अशी सगळ्यांची श्रद्धा होती. वाद झालाच तर दोन कप्तान बोलून मिटवत. कप्तानांचं मिटेना, तेव्हा प्रत्येक संघ आपापला अंपायर घेऊन येऊ लागला, लग्नाच्या बैठकीला दोन्हीकडचा एकेक वडीलधारा असतो तसा. आता या दोघांचं एकमत कधी व्हायचं? म्हणून मैदानाबाहेर तिसरा एक त्रयस्थ बसवला. वाद ज्याच्याकडं ‘रेफर’ करायचा तो रेफरी. १८९१ साली त्याला मैदानात घेतलं आणि दोघा अंपायरांना रेषेवर उभं केलं. म्हणजे हा माणूस आपल्यावर कुणी लादलेला नाही. आपल्याला आपसात मिटवता येईना म्हणून आपणच त्याला बोलावून आणला आहे.

पेनल्टी किकही त्याच १८९१ सालची. ती सुचवली विल्यम मॅक्रम नावाच्या एका आयरिश माणसानं, आणि हा मॅक्रम स्वतः गोलकीपर होता! बोकडानं तांबड्या रश्श्याची कृती सांगावी तसलाच प्रकार. आपल्या मुंबईचा रोव्हर्स कपही त्याच वर्षी सुरू झाला. रेफरीला शिव्या द्यायची विद्या त्याच सुमारास आपल्या किनाऱ्याला लागली असावी, असा माझा एक अंदाज. त्याला पुरावा मागू नये.

पुढं १९३० साली माँटेव्हिडिओत पहिल्या विश्वचषकाची फायनल झाली, उरुग्वे विरुद्ध अर्जेंटिना. म्हणजे दोन पेठाच, फक्त मध्ये नदी जरा रुंद. रेफरी होते बेल्जियमचे जॉन लांगेनुस. गळ्यात टाय, पायात गुडघ्याखाली चुण्या घातलेली विजार. या सद्गृहस्थांनी शिट्टी हाती घेण्याआधी जिवाच्या सुरक्षेची हमी मागितली, आणि सामना संपल्यावर निघून जाता यावं म्हणून बंदरात बोट तयार ठेवायला सांगितली. पहिलं भांडण चेंडू कुणाचा यावर. लांगेनुसनी तोड काढली, पहिला अर्धा वेळ अर्जेंटिनाचा चेंडू, दुसरा अर्धा वेळ उरुग्वेचा. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ पुढं, शेवटी उरुग्वे ४-२ नं विजयी. आता याहून न्यायी तोड कुठली? तरी बोट लागलीच.

पण मामांना शोभेल असं साल म्हणजे १९६६. विश्वचषक इंग्लंडमध्ये. २३ जुलैला उपउपांत्य सामने. इंग्लंड-अर्जेंटिना सामन्याला रेफरी जर्मन, रुडॉल्फ क्राइटलाइन. आणि त्याच दिवशी जर्मनी-उरुग्वे सामन्याला रेफरी इंग्लिश, जिम फिनी! जर्मन रेफरीनं अर्जेंटिनाचा कप्तान राटीन याला बाहेर काढलं. इंग्लिश रेफरीनं उरुग्वेच्या दोघांना बाहेर काढलं. इंग्लंड जिंकलं, जर्मनीही जिंकलं. मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा मामांचे डोळे पाणावले. “बघ. साडू निघाले की न्हाई?” म्हणाले.

त्या राटीनला स्पॅनिश येत होतं आणि क्राइटलाइनला येत नव्हतं. राटीन दुभाषा मागत राहिला, मैदानातून हलेना. त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्ल्टन बंधूंना ताकीद मिळाली होती, ती त्यांची त्यांनाच मागाहून कळली! त्या स्पर्धेत पंचांची व्यवस्था पाहणारे केन ॲस्टन हा सगळा घोळ डोक्यात घेऊन मोटारीनं घरी निघाले आणि लंडनच्या सिग्नलला थांबले. पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. भाषा कुठलीही असो. १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात कार्डं आली ती या दिव्यांतून. सिग्नलला थांबून एवढं सुचतं हे आम्हाला माहीत नव्हतं, कारण आम्ही सिग्नलला थांबत नाही.

आणि १९८६. मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं गोल केला. ट्युनिशियाच्या अली बेन्नासूर यांनी बल्गेरियाच्या लाइनमनकडं पाहिलं, त्याचा झेंडा खाली, गोल मंजूर. २०१५ साली मॅराडोना ट्युनिशियात त्यांच्या घरी गेला, सही केलेली जर्सी देऊन आला. तो चेंडू बेन्नासूरनी जपून ठेवला होता. २०२२ साली लिलावात त्याचे वीस लाख पौंड आले.

इथं मात्र माझा घास अडकला. विश्वचषक आला की आमच्या चौकात मॅराडोनाचा फलक लागतो, हार घालून. ज्यानं हातानं गोल केला तो आमचा देव, आणि ज्यानं आमच्या फुलबॅकचा हात पाहिला तो चोर!

आता सांगूनच टाकतो. त्या फायनलला ती पेनल्टी मिळाली त्या क्षणी मी मैदानाकडं पाहतच नव्हतो. शेंगदाण्याची पुडी पायरीखाली पडली होती, ती वाकून उचलत होतो. शिट्टी ऐकली, उठलो आणि सगळ्यांच्या आधी ओरडलो. इतकी वर्षं मी टपरीवर त्या प्रसंगाचं डोळ्यांनी पाहिल्यासारखं वर्णन करतोय. हात लागला होता की नव्हता, देव जाणे. ‘चेंडू छातीवर होता, छातीवर!’ हे वाक्य माझं, आणि ते आता सगळी गल्ली म्हणते.

आज सकाळी मिसळ खायला गेलो तर कोपऱ्यातल्या टेबलावर तेच रेफरी. एकटेच, भिंतीकडं तोंड करून. दुसरी जागा नव्हती, समोर बसलो. त्यांनी मला ओळखलं नाही. पायरीवरचा माणूस खालून दिसतो तो नुसता तोंड म्हणून. जवळून माणूस अगदीच साधा निघाला, पन्नाशीचा, कट जपून घेणारा. बोलावं म्हटलं, ती पेनल्टी काढावी म्हटलं. पावाचे दोन तुकडे झाले तरी शब्द फुटेना.

शेवटी त्यांनीच विचारलं, “तुम्ही इथलेच न्हवं? दुपारी स्टेडियमच्या मागच्या बाजूला स्कूटर लावू देतात काय हो?”

मला बंदरातली बोट आठवली.

“देतात की,” मी म्हटलं. “फक्त तोंड रस्त्याकडं करून लावा.”