फोनोग्राफची जाळी

जुन्या वस्तूची दुरुस्ती हें काम वरवर पाहतां सुतार-लोहाराचें दिसतें. परंतु वस्तु घडविणारा हात काळाच्या आड गेलेला आणि वस्तूचा एखादा अवयव कायमचा नाहींसा झालेला असला, म्हणजे तेंच काम इतिहासकाराचें होऊन बसतें. पोथीचें मधलें पान गहाळ झालें तर संपादकानें काय करावें? तें कल्पनेनें लिहून काढावें, कीं जागा कोरी ठेवावी? हाच प्रश्न एका लांकडी पेटीच्या निमित्तानें आम्हांस विचारावयाचा आहे. पेटी फोनोग्राफची, आणि गहाळ झालेला अवयव म्हणजे तिच्या दर्शनी भागावरील नक्षीदार जाळी. ही जाळी चाकणजवळच्या कुरुळीसारख्या गांवीं आज नव्यानें करावयाची झाली, तर ती कशी करावी आणि कोणत्या नात्यानें करावी? विषय लहान आहे खरा; पण लहान विषयांत सिद्धांत लवकर उघडा पडतो.

फोनोग्राफचा जन्म १८७७ सालचा. एडिसननें नळकांड्यावर कथलाचा वर्ख गुंडाळून आपलाच शब्द त्यावर उमटविला व पुन्हां ऐकला. पुढें १८८७ सालीं बर्लिनरनें नळकांड्याच्या जागीं सपाट तबकडी आणली आणि आपल्या यंत्रास ग्रामोफोन हें नांव दिलें. नोव्हेंबर १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीचा गाइसबर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजानचें गाणें टिपून घेऊन गेला. या सर्व काळांत यंत्राचें ठळक लक्षण म्हणजे त्याचा कर्णा. धोतऱ्याच्या फुलासारखा तो बाहेर पसरलेला असे. त्यांत धूळ सांचे, पोरें डोकें घालीत, आणि नीटनेटक्या दिवाणखान्यांत तो डोळ्यांस खुपे. म्हणून १९०६ सालीं अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें तो खालीं वळवून कपाटाच्या पोटांत दडविला. हेंच तें ‘व्हिक्ट्रोला’. एडिसननें १९०९ सालीं ‘अँबरोला’ या नळकांड्यांच्या यंत्रांत, आणि १९१२ पासून आपल्या हिऱ्याच्या सुईच्या तबकडी-यंत्रांत, तोच मार्ग धरिला. कर्णा आंत गेला. पण त्याचें तोंड तर उघडें राहिलेंच पाहिजे! त्या तोंडावर पडदा म्हणून जी लांकडी नक्षी आली तीच ही जाळी.

शुद्ध यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें ती निरुपयोगी आहे. ती काढून टाकली तरी गाणें थांबत नाहीं. कोलंबिया कंपनीच्या कांहीं कपाटांत तिच्या जागीं फिरत्या पट्ट्या असत व त्या मिटून आवाज कमी करतां येई. व्हिक्टरच्या पेट्यांत तेंच काम दारें लोटून होई. एडिसनच्या तबकडी-यंत्रांत आवाज दाबण्यासाठीं कर्ण्याच्या आंत एक मऊ गोळा सरकविण्याची सोय होती. जाळीकडे शोभेखेरीज काम नव्हतें. तरीहि या निरुपयोगी तुकड्यानेंच यंत्राला घरांतील वस्तूचें रूप दिलें, हें विसरतां कामा नये. आमच्या जुन्या वाड्यांतील लांकडी जाळी आंतल्या माणसांस झांकी, पण वारा आणि बोलणें अडवीत नसे. फोनोग्राफच्या जाळीनें तेंच केलें: यंत्र दिसूं नये, गाणें मात्र ऐकूं यावें. ज्या गायिकेचें पाऊल घरंदाज उंबऱ्याच्या आंत पडणें शक्य नव्हतें, तिचा कंठ प्रथम कर्ण्यांतून व मागाहून जाळीआडून माजघरापर्यंत पोहोंचला. एवढें मोठें सामाजिक स्थित्यंतर इतक्या सोज्वळ वेषानें क्वचितच घरांत शिरलें असेल.

आपल्याकडे अधिक प्रचार झाला तो कर्ण्याच्या यंत्रांचा, आणि पुढें हातांत धरून नेण्याजोग्या पेटी-यंत्रांचा; हिज मास्टर्स व्हॉइसचें १९३१ सालीं निघालेलें १०२ क्रमांकाचें यंत्र हें त्यांतील नांवाजलेलें. जाळीचें कपाट त्या मानानें विरळा. जें कोठें सांपडतें, त्याची जाळीच बहुधा मोडलेली असते. ती पातळ असते. पावसाळ्यांत तिचा सरस सैल पडतो. आणि कपाट हलवितांना हात नेमका तिच्याच पोकळींत जातो.

आतां कुरुळीकडे वळूं. पुणें-नाशिक रस्त्यानें इंद्रायणी ओलांडून चाकणकडे जातांना लागणारें हें खेड तालुक्यांतील गांव. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ लिहून बलुतेदारांचें जें जग वर्णिलें, त्यांतील सुतार हा नांगर, कुळव आणि पाभर यांचा वैद्य होता. नक्षीची हौस पुरविणें हें त्याच्या बलुत्याचें अंग नव्हे. तें जग आतां राहिलें नाहीं. चाकणच्या परिसरांत १९९९ सालीं बजाजचा आणि २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि शेतांच्या बांधांवर कारखान्यांच्या भिंती आल्या. लांकूडकाम आजहि विपुल चालतें. पण तें यंत्रांचे भाग पाठविण्याच्या खोक्यांचें आणि पॅलेटचें. परदेशीं जाणारें असें लांकूड तापवून निर्जंतुक करावयाचें तर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता ३० मिनिटें टिकवावी लागते. म्हणजे शिस्त आहे, मापांची अचूकता आहे. परंतु खोक्याचें पाइन लांकूड मऊ, आणि खोक्याचा सुतार सरळ रेषेचा. जाळीला वळण हवें असतें.

तें वळण साधावयाचें तर प्रथम पुरावा गोळा करावा. चौकटीच्या आंतल्या अंगास पॉलिशाची न उडालेली कड, खिळ्यांचीं भोकें, सरसाचे डाग, जुन्या कापडाचा अडकलेला धागा, हे सारे साक्षीदार होत. पेटीवरील क्रमांकाच्या पट्टीवरून नमुना ठरतो. त्याच नमुन्याची दुसरी पेटी, किंवा कंपनीच्या सूचीपत्रांतील चित्र मिळालें, तर अर्धें काम झालें. जाळीचा एक भाग शिल्लक असला तर दैव मोठें. कारण या नक्ष्या बहुधा मध्यरेषेच्या दोहों बाजूंस सारख्या असतात. उरलेल्या अर्ध्यावर कागद ठेवून नक्षी उतरून घ्यावी आणि कागद मध्यावर दुमडावा, कीं पूर्ण आकृति हातीं येते.

मग लांकूड. मूळ पेट्या पुष्कळदां मॅहॉगनीच्या अथवा ओकच्या असतात; त्या जागीं आपला सागवान वापरला तर रंग व रेघ वेगळी पडणार, हें आधींच समजून असावें. खरा धोका तंतूंचा. नक्षीची वेल जेथें तंतूंच्या आडवी वळते तेथें ती खडूसारखी तुटते. यावर उपाय म्हणजे तीन पातळ पापुद्रे, मधल्याचे तंतू आडवे ठेवून, एकमेकांस चिकटवावे. सागांत तेल असतें, म्हणून त्यास सरस लावण्यापूर्वीं तो स्पिरिटानें पुसून घ्यावा. नक्षीच्या प्रत्येक पोकळींत सामत्यानें भोंक पाडावें, त्यांतून बारीक पात्याची करवत ओवावी, आणि रेषेच्या किंचित् अलीकडून कापीत जावें. रेषेपर्यंतचें उरलेलें काम कानशीचें. कांचकागदाचा मोह आवरावा, कारण त्यानें कडा गोल होतात आणि नक्षीची धार जाते. मागें लावावयाचें कापड विरळ विणीचें हवें. दाट कापडांत उंच स्वर गुदमरतात. शेवटीं चपडी लाखेचें पॉलिश. येथें एक मौजेचा योग आहे. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर किडे जी लाख निर्माण करतात, तीच दगडाच्या भुकटींत मिसळून ग्रामोफोनच्या तबकड्या होत असत. जाळीची झळाळी आणि तबकडींतील गाणें हीं एकाच झाडाचीं लेंकरें होत.

इतकें सारें करून जाळी बसली, आणि ती अशी हुबेहूब साधली कीं नवी म्हणून ओळखूंच येईना, तर? येथें आमचा मूळ प्रश्न उभा राहतो. जुन्या यंत्रांच्या बाजारांत पितळी कर्ण्याचीं, चकचकीत पेट्यांचीं, सुटे भाग जुळवून नव्यानें बनविलेलीं यंत्रें जुनीं म्हणून खपविलीं जातात. आणि त्यांपैकीं पुष्कळ आपल्याच देशांत बनतात, हें जगभरच्या संग्राहकांस पुरतें ठाऊक आहे. आतां तर संगणकाच्या हुकमानें चालणारें यंत्र एकदां आंखलेली नक्षी हवी तितक्या वेळां कापून देतें. यंत्रास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. फोनोग्राफ तरी दुसरें काय आहे? दोष आहे तो साल लपविण्यांत. आपला जन्मकाळ लपविणारी जाळी ही दुरुस्ती नव्हे, तो बनावट दस्तऐवज होय. आणि बनावट दस्तऐवजानें इतिहासाची किती हानि होते, हें महाराष्ट्रांतील वाचकांस सांगावयास नको.

उलट जागा कोरी ठेवावी, तर पेटी भग्नच राहते. या पेचांतून वाट काढणारा दाखला पुण्यांतच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पूर्ण झाली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तींत एक बारीकसा संकेत पाळला: जो पाठ पूर्ण खात्रीचा नाहीं त्याच्या खालीं नागमोडी रेघ द्यावयाची. त्यामुळें वाचन अडत नाहीं, आणि वाचकाची फसगतहि होत नाहीं. जाळीलाहि अशी एक नागमोडी रेघ हवी. ती दर्शनी भागावर नको. मागच्या अंगास, कापडाच्या आड, करणाऱ्याचें नांव, गांव व साल लिहावें, आणि कोणता भाग पुराव्यावरून व कोणता अनुमानानें केला तेंहि नमूद करावें. जाळी अशी बसवावी कीं उद्यां अधिक चांगला पुरावा सांपडल्यास चौकटीस इजा न होतां ती काढतां यावी. जुन्या जाळीचा मोडका तुकडा असेल तर तो फेकूं नये. पेटींतच जपून ठेवावा.

मूळ जाळी कापणाऱ्या कारागिराचें नांव पेटीवर कोठेंच नसतें. नांव असतें तें कंपनीचें. गाणाऱ्यांचें तसें झालें नाहीं. आरंभीच्या तबकड्या जर्मनींत हानोव्हर येथें तयार होत. तेथल्या परक्या कामगारांस गाणें कोणाचें तें कळावें म्हणून गौहरजान गाण्याच्या अखेरीस आपलें नांव इंग्रजींत स्वतः उच्चारी. तो उच्चार आजहि त्या तबकड्यांतून ऐकूं येतो. कुरुळीच्या सुतारानेंहि आपल्या जाळीच्या पाठीवर तेवढाच ठाम उच्चार करावा. पेटी पूर्ण झाल्याचें समाधान धन्यास मिळेल, आणि पुढें कधीं कोणी तें कापड उचलून पाहील तेव्हां त्यास खरें काय तें कळेल.