‘नागरा’ या नावाची लांबी : पायथन आणि मराठी लिपी

मुक्तस्रोत स्क्रिप्टिंग भाषांचा इतिहास बहुधा परवान्यांच्या अंगाने सांगितला जातो : कोणती भाषा कोणी लिहिली, तिची मूळ संहिता सर्वांना कधी खुली झाली, ती बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क कोणाला मिळाला. मराठीतून शिकणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर या इतिहासात लिपीचा प्रश्न परवान्याहून मोठा ठरतो. गोंदिया शहरालगतचे नागरा हे गाव प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाते. तेथील विद्यार्थ्याला पायथन ही भाषा वापरण्याची कायदेशीर मोकळीक १९९१ पासूनच होती. मात्र आपल्या गावाचे नाव त्या भाषेत कोणतीही जास्तीची खटपट न करता लिहिता येण्यासाठी २००८ सालचा डिसेंबर उजाडावा लागला.

स्क्रिप्टिंग भाषा म्हणजे जिच्यातील आज्ञावली लिहिल्याबरोबर चालवून पाहता येते अशी भाषा. सी सारख्या भाषेत लिहिलेला मजकूर आधी ‘कंपायलर’ नावाच्या आज्ञावलीकडून यंत्रभाषेत उतरवून घ्यावा लागतो आणि मगच तो चालतो. स्क्रिप्टिंग भाषेत ‘इंटरप्रिटर’ नावाचा दुभाषा मजकूर हाती घेऊन लगेच कामाला लागतो, आणि चूक असेल तर ती तेथल्या तेथे दाखवतो. नवशिक्यासाठी या तत्परतेचे मोल फार आहे. अमेरिकेत लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल ही अशी भाषा प्रसिद्ध केली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत, ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित व संगणनशास्त्राच्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या गिडो व्हान रॉसम यांनी पायथन लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची ०.९.० ही आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. त्याच संस्थेत पूर्वी तयार झालेल्या एबीसी या शिकाऊंसाठीच्या भाषेचा संस्कार पायथनवर स्पष्ट दिसतो. ओळींच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून आज्ञांचे गट ओळखण्याची पद्धत तिथूनच आली. ‘मुक्तस्रोत’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली, म्हणजे ही भाषा त्या नावाच्या आधीपासूनच मुक्त होती.

याच सुमारास भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम पुण्यात जोमाने चालू होते, आणि पुढच्या गोष्टीचे मूळ तेथे सापडते. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि आयआयटी कानपूर येथे आकाराला आलेले ‘जिस्ट’ हे भारतीय लिप्यांचे तंत्र तिच्याकडे आले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे संकेतन, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला एक ठरावीक क्रमांक देण्याची पद्धत, १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाले. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व प्रमुख लिप्यांना एकच तक्ता पुरावा, हा त्यामागचा विचार होता. १९९१ मध्येच जगातील सर्व लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेतनाची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या तक्त्यावरून घेण्यात आली. तरीही महाराष्ट्रातील छापखाने आणि कार्यालये दीर्घकाळ अशा फाँटवर चालली, ज्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार चढवलेले असत. कागदावर मराठी सुरेख उमटे, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचा अर्थहीन गोळा असे. अशा मजकुरात एखादा शब्द शोधायला पायथनला सांगितले, तर त्याला तेथे मराठी दिसतच नसे.

पायथनमध्ये युनिकोड आले ते ऑक्टोबर २००० च्या २.० या आवृत्तीत, परंतु वेगळ्या कप्प्यात. साध्या अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर पायथनच्या दृष्टीने नुसत्या बाइटांची ओळ होती, आणि युनिकोड हवे असेल तर अवतरणापूर्वी खास खूण करावी लागे. शिवाय २००६ च्या २.५ या आवृत्तीपासून, फाइलच्या आरंभी संकेतनाची घोषणा केली नसेल, तर एकाही देवनागरी अक्षरावर संपूर्ण आज्ञावली अडत असे. यूटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. त्यामुळे जुना पायथन ‘नागरा’ या शब्दाची लांबी १५ सांगे. ज्याने नुकतीच सुरुवात केली आहे त्याच्या मनात अशा उत्तराने पहिली समजूत कोणती होत असेल, तर हे यंत्र आपल्या भाषेसाठी बनलेले नाही, हीच.

३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या पायथन ३.० ने खुणेची आणि घोषणेची ही अट काढून टाकली : सर्व मजकूर युनिकोड मानला जाऊ लागला, फाइलचे गृहीत संकेतन यूटीएफ-८ झाले आणि चलांची, म्हणजे माहिती ठेवण्यासाठी दिलेली, नावेही देवनागरीत ठेवण्याची मुभा मिळाली. आता ‘नाव’ या चलात ‘नागरा’ ठेवून लांबी विचारली की उत्तर ५ येते. डोळ्याला ना, ग, रा अशी तीनच अक्षरे दिसतात. पायथन न, काना, ग, र आणि पुन्हा काना अशी पाच चिन्हे मोजतो, आणि या एका उत्तरातून विद्यार्थ्याला आपल्या लिपीची जडणघडण नव्याने दिसते. मजकुरातील ‘१२’ हे देवनागरी अंक पायथन न अडखळता संख्येत बदलतो, म्हणून धानाच्या विक्रीची मराठीत टिपलेली यादी आहे तशी घेऊन तिची बेरीज करता येते. मात्र आज्ञेतच ‘१२’ असा उघडा अंक लिहिला तर तो चूक दाखवतो. वर्णक्रमाची अडचणही अभ्यासण्याजोगी आहे. मराठीत ळ हा ह नंतर येतो, पण पायथनची साधी क्रमवारी ‘मळा’ हा शब्द ‘मवाळ’च्या आधी ठेवते, कारण तक्त्यात ळ चे स्थान ल च्या शेजारी आहे. सर्व लिप्यांना एका तक्त्यात बसवण्याच्या त्या जुन्या निर्णयाची खूण आजच्या उत्तरात अशी उमटते.

शिक्षणाच्या बाजूने पाहता, २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांपर्यंत संगणकाची ओळख पोहोचवली. त्याचा रोख मात्र तयार आज्ञावली वापरण्यावर होता, नवी लिहिण्यावर नव्हता. पायथनचे भारतीय संमेलन २०११ मध्ये पुण्यात भरले. मराठीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम आयआयटी मुंबईत झाले. तेथील ‘फॉसी’ प्रकल्पाने, प्रामुख्याने प्रभू रामचंद्रन यांच्या पुढाकाराने, पायथन महाविद्यालयांपर्यंत नेली आणि कन्नन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्र-पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले. या पाठांत पडद्यावरील मजकूर इंग्रजीच राहतो आणि निवेदन तेवढे मराठीत होते. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला स्वतःची आज्ञावली ठेवून सोबत चालायचे असते. ही तडजोड योग्यच आहे, कारण चूक दाखवणारे संदेश शेवटी इंग्रजीतच वाचावे लागतात.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात अनेक मुलांच्या घरी पोवारी, गोंडी, छत्तीसगढी किंवा हिंदी बोलली जाते. त्यांच्यासाठी शाळेतली मराठीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी ठरते. अशा वर्गात पायथनचा पहिला पाठ परदेशी नावांनी आणि परक्या उदाहरणांनी सुरू करण्याचे आता काहीही कारण उरलेले नाही. रोमन लिपीत पाठ करावे लागणारे पायथनचे राखीव शब्द अवघे ३५ आहेत. विद्यार्थ्याने स्वतः ठेवलेली नावे, याद्या आणि हिशेब त्याच्या भाषेत लिहिता येतात. जिल्ह्यातील शिक्षकांनी पहिल्या तासाला फळ्यावर ‘नागरा’ हा शब्द लिहावा, त्याची लांबी किती ते मुलांना आधी सांगायला लावावे आणि मग तोच प्रश्न पायथनला विचारावा.