दुखतो गुडघा, बिघडलाय खुबा

बोस्टन, १९३०. तुझं वय तेरा, अंगानं थोराड. कित्येक आठवडे तू गुडघा दुखतो म्हणतोयस आणि घरचे गुडघ्यालाच मलम चोळतायत. डॉक्टर गुडघा तपासतात, तो ठणठणीत. मग उताणं झोपवून मांडी पोटाकडे दुमडतात, तर ती सरळ न येता आपोआप बाहेर कलते. चोर सापडला: खुबा.

मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि त्याखालची मान यांच्यामध्ये वाढीची कोवळी चकती असते. वाढीच्या भरात, त्यात वजन जास्त असेल तर, ती दगा देते. माथा घसरला असं म्हणायची पद्धत. खरं तर माथा बिचारा खोबणीतच असतो, मानच पुढे-वर सरकते.

आता ईथरचा घशात बसणारा वास. तू झोपलास की पाय ताणून, आत पिळून माथा ‘जागेवर’ आणतात आणि कमरेच्या वरपासून खाली पायापर्यंत प्लास्टर घालतात. आत खाज सुटते, हात पोचत नाही. आई विणायची सुई सरकवून खाजवते. एक्स-रे सुरेख येतो. पुढे मात्र माथा चेपायला लागतो, कारण त्या पिळण्यात त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या गेलेल्या असतात. मूळ दुखणं परवडलं असतं, असं मला वाटतं.

चल पुढे. १९३१ चा स्मिथ-पीटरसनचा तीन पात्यांचा खिळा मोडलेल्या खुब्यांसाठी. पोरांच्या टणक हाडात ठोकताना तो माथाच ढकलायचा. १९५२ ला थांब. आर्मिन क्लाइन आणि सहकारी एक्स-रेवर मानेच्या वरच्या कडेनं रेघ ओढतात. निरोगी खुब्यात ती माथ्याचा तुकडा छेदते, तुझ्या खुब्यात त्याला शिवतही नाही. पट्टी-पेन्सिलीचं काम!

१९९३. सर्जन लोडर यांचा सवाल एकच: कुबड्या घेऊन का होईना, चालता येतं? त्यांनी तपासलेल्या ५५ खुब्यांत, ज्यांना चालता येत होतं त्यांच्यापैकी एकाचाही माथा मेला नाही. ज्यांना येत नव्हतं त्यांच्यात ४७ टक्के. तू लंगडत आलायस. सुटलास.

आणि आज? खेचाखेच नाही. लहानशा छेदातून, घसरलंय तिथेच, मानेतून माथ्याच्या मध्यात एक स्क्रू. आता प्रश्न दुसऱ्या खुब्याचा. तोही घसरू शकतो. आधीच स्क्रू घालायचा की एक्स-रे काढत वाट बघायची, यावर सर्जन मंडळींचे आजही दोन तट आहेत. डॉक्टर दोन्ही बाजू समजावतायत, आई मध्येच विचारते, “शाळा किती बुडेल?”