दोन नांगर

परवा बामणोलीला एक लाँचवाले काका होडीचा गंजलेला नांगर खरवडत बसले होते.

"तेल लावा की, काका!"

"पाण्यात तेल ऱ्हातंय व्हय? रंगच मारायचा."

माझे आजोबा मात्र तेलच चोळायचे, शेतातल्या नांगराला. गंजलेल्या फाळाला माती चिकटते, बैलांना जड जातं. नांगर किर्लोस्करांचा. लोखंडानं जमीन नासते म्हणणारे शेतकरीसुद्धा पुढे तोच घेऊ लागले! लक्ष्मणरावांनी १९१० साली औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली.

असो. होडीच्या नांगराला जस्ताचा मुलामा उत्तम. आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं.

१९६४ला कोयना धरण पूर्ण झालं, शेतं शिवसागरात गेली. काका म्हणाले, "ह्यो टाकतो ना, तितंच खाली माझ्या बापाचा नांगर चालायचा."