तांबट आळीचे ठोके

पुण्याच्या कसबा पेठेत आलेला पाहुणा आधी लाल महाल बघतो. शहाजीराजांनी बांधलेला, १६६३ साली शिवाजी महाराजांनी शाइस्तेखानाची बोटं छाटली तो महाल केव्हाच नाहीसा झाला. लोक फोटो काढतात ती वास्तू महापालिकेची, १९८०च्या दशकातली. हे सांगितलं की पाहुण्यांचा चेहरा पडतो. मग मी त्यांना तांबट आळीत नेतो. कसब्यातलं जुनं बघायचं तर चालू असलेलं बघावं, असं माझं मत आहे.

कागदीपुऱ्यात आता कागद होत नाही. फणी आळीत फण्या मिळायच्या नाहीत. तांबट आळीत मात्र तांबं अजून ठोकलं जातं. ते ठोकणारे त्वष्टा कासार पेशवाईत कोकणातून आले असं सांगतात. घागरी, हंडे, घंगाळी, बंब, सगळं त्यांच्या हातचं. आमच्या वाड्यातला बंब पहाटेपासून धुमसायचा. मधल्या नळीत गोवऱ्या, भोवती पाणी. उशिरा उठणाऱ्याच्या वाट्याला कोमट पाणी आणि आजीची बोलणी!

मी जन्मभर धातुशास्त्र शिकवलं, म्हणून इथे जरा रेंगाळतो. पत्रा तापवून मऊ करतात, त्याला आकार देतात आणि मग भांडं लोखंडी दांड्यावर चढवून मठारतात. ठोक्याला लागून ठोका, ओळीला लागून ओळ. मध्ये जागा राहिली की काम कच्चं. प्रत्येक ठोक्यानिशी तांबं कडक होत जातं. म्हणून पातळ पत्र्याच्या हंड्यालाही सहजी पोचा येत नाही. गिऱ्हाईक त्या चकाकत्या ठिपक्यांना नक्षी समजतं. खरं तर ती भांड्याची ताकद. वर्गात मला हे समजावायला फळाभर आकृत्या लागायच्या. कारागीर नुसता आवाज ऐकतो.

आधी अ‍ॅल्युमिनियम आलं, मग स्टील. बंब गीझरने घालवला. आता दिव्यांच्या शेड, हॉटेलांची ताटं-वाट्या असली कामं येतात. जुनी मंडळी त्यावर नाकं मुरडतात. मुरडोत बापडी. हात चालू राहिला पाहिजे, मग शेड का असेना.

परवा पेठेत नव्याने राहायला आलेले एक गृहस्थ तक्रार करत होते, "आवाज फार होतो हो इथे."

म्हटलं, "फ्लॅट घेताना पत्ता वाचला नव्हता का?"