गणिती चिन्हांभोवतीची मोकळी जागा : जुळाऱ्यापासून लाटेकपर्यंत

बेरजेच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंस किती जागा सोडावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासतो. शिशाच्या खिळ्यांच्या काळात त्याचा निर्णय लेखकाकडे नसे, जुळाऱ्याकडे असे. ऑक्सफर्डच्या ‘द प्रिंटिंग ऑफ मॅथेमॅटिक्स’ (१९५४) सारख्या ग्रंथात काही नियम नोंदविले गेले; परंतु ते पानावर उतरविणे हे हाताचे व नजरेचेच काम होते.

१९७७ साली डोनाल्ड नूथ यांच्या ग्रंथमालेतील दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते प्रकाशजुळणीने तयार होऊन आली. ती पाहून निराश झालेल्या नूथ यांनी ‘टेक’ ही संगणकीय जुळणीची प्रणाली रचावयास घेतली. ‘अ‍ॅक्टा मॅथेमॅटिका’सारख्या नियतकालिकांची जुनी पाने त्यांनी बारकाईने अभ्यासली. जुळाऱ्याची नजर नियमांत बांधण्याचा हा प्रयत्न होता.

या नियमांचा गाभा असा की, जागा चिन्हाच्या आकारावरून नव्हे, तर त्याच्या भूमिकेवरून ठरते. सूत्रातील घटकांचे आठ प्रकार मानले आहेत. एका ‘क्वाड’चे १८ भाग कल्पिल्यास ‘बरोबर’सारख्या संबंधचिन्हाभोवती ५, बेरजेसारख्या द्विपदी क्रियेभोवती ४ आणि ‘लॉग’सारख्या कारकानंतर ३ भाग जागा सुटते. कारकानंतर कंस आल्यास मात्र जागा सुटत नाही. ‘अ − ५’ मधील वजाचिन्ह मोकळे बसते. सूत्रारंभीचे ‘−५’ मधील तेच चिन्ह अंकाला चिकटते. घातांकात व पादांकात तर संबंधचिन्हांभोवतीची व क्रियाचिन्हांभोवतीची जागा गळूनच पडते.

नवे चिन्ह योजणाऱ्या लेखकास मात्र त्याची भूमिका स्वतः घोषित करावी लागते. त्यासाठी ‘मॅथबिन’, ‘मॅथरेल’, ‘मॅथऑप’ या आज्ञा आहेत. लाटेकमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या संचातील ‘डिक्लेअरमॅथऑपरेटर’ अधिक सोयीची. अशी घोषणा न करता ‘रँक’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत तसाच टंकित केला, तर तो चार चलांचा गुणाकार म्हणून तिरप्या अक्षरांत जुळतो. हा दोष प्रबंधांत सर्रास आढळतो, आणि तो यंत्राचा नव्हे.

केवलमूल्याच्या उभ्या रेषेबाबत मात्र यंत्रच फसते. तिला साधे चिन्ह मानले गेल्याने ‘|−क्ष|’ मधील वजाचिन्ह दोन पदांमधील वजाबाकी समजले जाते व त्याच्या दोन्ही बाजूंस नको असलेली जागा सुटते. जाणत्या जुळाऱ्याने ते क्षाला चिकटविलेच असते; लाटेकच्या लेखकास पहिली रेषा उघडणारी व दुसरी मिटणारी, असे स्वतंत्रपणे सांगावे लागते.